जुन्या सामानात मिळालेल्या निसर्गचित्राचा चित्रकार कसा शोधायचा

आपल्याकडे जळगाव, धुळे, भुसावळला जुन्या सामानातून चित्र घेणारे बरेच जण खरं तर फ्रेम घेतात. सागाची जाड फ्रेम दिसते, भाव पटतो, आणि आत जे काही असेल ते सोबत येतं, बहुतेक वेळा नदी, पलीकडे डोंगर, अलीकडे दोन झाडं आणि कुठेतरी एक बैलगाडी नाहीतर होडी. मग घरी लावल्यावर कुणीतरी विचारतं, कुणाचं आहे हो हे, आणि तेव्हा बघायला जावं तर नाव कुठेच नाही, किंवा आहे पण वाचता येत नाही, किंवा खाली तीन-तीन नावं आहेत आणि त्यातला चित्रकार कोण तेच कळत नाही. विकणाऱ्याला विचारलं तर तो सांगणार, "माले काय माहीत भो, घर खाली व्हयनं त्यामा उनं", म्हणजे घर रिकामं झालं त्यातून आलं.

पहिल्यांदाच हे करणाऱ्यांसाठी लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, बाकी सगळं तिच्याभोवतीच आहे. घरी आणल्या आणल्या फोन काढून गुगल लेन्स (फोटोवरून नेटवर तेच चित्र शोधणारी सोय) मारू नका. लेन्स वापरायचीच आहे, पण शेवटी. लेन्सला फक्त चित्र दिसतं, तुमच्या हातात मात्र अख्खी वस्तू आहे, कागद, शाई, फ्रेमच्या चुका (बारीक खिळे), पुठ्ठा, फ्रेमवाल्याचं लेबल, आणि नाव सापडतं ते बऱ्याचदा या सगळ्यातून.

घेतानाच दोन प्रश्न

कुठल्या गावचं आणि कसल्या घरातलं, एवढं विचारा. नाव-पत्ता नको, तो कुणी सांगतही नाही आणि विचारूही नये. पण भुसावळच्या रेल्वेवाल्या घरातून आलेलं चित्र आणि धरणगाव-चोपड्याकडच्या व्यापारी वाड्यातून आलेलं चित्र यांची शक्यताच वेगळी असते. रेल्वेच्या गावात बाहेरची माणसं बदलीवर यायची, इंग्लंडातली खेडी, स्वित्झर्लंडचे डोंगर असली चित्रं अशा घरातून निघू शकतात. व्यापारी वाड्यात कॅलेंडरं जास्त, आणि मास्तर लोकांच्या घरी मासिकातून कापून फ्रेम केलेली पानं. हा अंदाज झाला, पुरावा नाही, पण सुरुवात करायला बरा पडतो.

शक्य असेल तर त्याच घरातून अजून काय आलंय ते बघा. एकाच फ्रेमची चार चित्रं असतील तर तीन दुसऱ्याने नेण्याआधी निदान फोटो तरी काढून घ्या, कारण जोडीच्या एखाद्या चित्रावर नाव शाबूत असतं आणि तुमच्यावरचं फ्रेममध्ये दबलेलं असतं.

फ्रेम उघडणं

हे टेबलावर जुनी चादर टाकून करायचं, उन्हात अंगणात नाही, आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे कागद कुरकुरीत व्हायला वेळ लागत नाही. मागचा कागद फाडण्याआधी पूर्ण पाठीचा फोटो, मग चारी कोपऱ्यांचे, मग लेबल असेल तर अगदी जवळून. चुका गंजलेल्या असतात, त्या पक्कडीने सरळ ओढू नका, आधी आडव्या वळवून सैल करा. मागचा पुठ्ठा, वर्तमानपत्राची रद्दी, धूळ खाल्लेला तपकिरी कागद, काहीही टाकून द्यायचं नाही, सगळं एका पिशवीत.

चित्र काचेला चिकटलेलं दिसलं तर तिथेच थांबा. ओढलं की शाई काचेवर आणि पांढरा डाग कागदावर, मग तुम्हाला चित्रकार सापडला तरी काय करणार. अशा वेळी काचेसकट अभ्यास करायचा. आणि ओलं फडकं, स्पिरिट, खोडरबर यातलं काहीच चित्राच्या जवळ नको, कसर लागलेल्या कागदावर तर नुसतं मऊ ब्रशने झटकायचं.

पाठीवरून तारीख काढणं

मला सगळ्यात जास्त हाच भाग आवडतो, आणि खानदेशात तर यात एक खास सोय आहे. जिल्ह्यांची नावं बदलली ना आपल्याकडे, त्याचा इथे उपयोग होतो. १९०६ ला जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, आणि १९६० ला त्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली. म्हणजे फ्रेमवाल्याच्या लेबलवर "जि. पू. खा." किंवा इंग्रजीत ईस्ट खानदेश छापलेलं असेल तर ते लेबल साधारण १९०६ ते १९६० च्या मधलं, फार तर एखाद्याने जुनी लेबलं संपेपर्यंत वापरली असतील तर दोन-चार वर्षं पुढचं. आणि "जि. नंदुरबार" असेल तर १ जुलै १९९८ नंतरचं, कारण त्याआधी तो जिल्हाच नव्हता.

असंच अजून. सहा आकडी पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, त्यामुळे पत्त्यात पिन असेल तर त्यानंतरचं. त्याआधी मुंबईच्या पत्त्यात नुसतं "मुंबई ४" किंवा "बॉम्बे २" असं असायचं. इंग्रजीत बॉम्बेचं अधिकृतपणे मुंबई झालं १९९५ ला. किंमत छापलेली असेल तर आणखी चांगलं, आणे असतील तर बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, "नये पैसे" किंवा "न. पै." असेल तर १९५७ ते १९६४ च्या मधलं, कारण जून १९६४ पासून नये हा शब्द गेला आणि नुसते पैसे राहिले. पश्चिम जर्मनीत छापलं असं असेल तर १९४९ ते १९९०, यूएसएसआर असेल तर १९९१ च्या आधीचं, तिकडची स्वस्त आणि झकास छपाईची पुस्तकं आपल्याकडे भरपूर यायची, त्यातली पानं फ्रेममध्ये गेली तर नवल नाही.

साल थेट छापलेलं असेल तरी एक मिनिट थांबा. १८१० असं दिसलं म्हणून दोनशे वर्षांपूर्वीचं म्हणून नाचू नका, ते शक असू शकतं, ७८ मिळवायचे, म्हणजे १८८८. आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या कॅलेंडरवर संवत असतो, त्यातून ५७ वजा करायचे, कधी ५६, महिना कुठला त्यावर. संवत २०१० म्हणजे १९५३-५४.

आता एक इशारा. हे सगळं लेबल, रद्दी, पुठ्ठा याची तारीख आहे, चित्राची नाही. १९६५ चा पेपर आत निघाला म्हणजे फ्रेम १९६५ च्या आधी तशी बसवलेली नाही एवढंच, आतलं चित्र ४० वर्षं जुनं असू शकतं. उलटंही होतं, जुनी फ्रेम रिकामी पडलेली असते आणि कुणीतरी त्यात नवीन पोस्टर टाकतं. पुठ्ठ्यावर चित्राच्या आकारापेक्षा वेगळ्या आकाराचा उजळ चौकोन पडलेला दिसला तर समजायचं की आधी इथे दुसरंच काहीतरी बसलेलं होतं.

कागदाचं स्वतःचं वय बघायला सराफाकडची नोटा तपासायची निळी यूव्ही लाईट वापरा, जळगावात तर सराफांची कमी नाही, ओळखीच्या दुकानात दुपारी गर्दी नसताना गेलात की कुणीही दोन मिनिटं देतं. १९५० च्या आसपासपासून कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात चमकणारी रसायनं घालायला लागले, असा कागद त्या लाईटखाली निळसर पांढरा उजळतो. उजळला तर चित्र बहुधा त्यानंतरचं. नाही उजळला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ती रसायनं न घातलेला कागद आजही मिळतो.

भिंगाखाली: हे छापलंय कसं

त्याच सराफाकडे दहा पटीचं भिंग असतं, हिरे बघायचं. नाहीतर फोनचा मॅक्रो कॅमेरा. आकाशाचा भाग बघा, तिथे सगळं उघडं पडतं.

निळे, गुलाबी, पिवळे, काळे गोल ठिपके, एकसारख्या जाळीत, मध्येच फुलासारखी नक्षी तयार झालेली, तर ती चार रंगी ऑफसेट छपाई. म्हणजे मूळ चित्र दुसरीकडे कुठेतरी आहे आणि त्याच्या फोटोवरून हजारो प्रती निघाल्यात. आपल्या बाजारात मिळणाऱ्यातलं बहुतेक हेच निघतं, नाराज होऊ नका, उलट हजारो प्रती निघाल्यात म्हणजे ओळखणारा सापडायची शक्यता जास्त.

ठिपके आहेत पण एकसारखे नाहीत, हाताने टोचल्यासारखे, आणि रंग चारापेक्षा कितीतरी जास्त, तर जुनी दगडी रंगीत छपाई, क्रोमोलिथो. दहा-बारा दगड, प्रत्येक रंगाला वेगळा. वरून वार्निश आणि कॅनव्हाससारखे उठाव असतील तर त्याला ओलिओग्राफ म्हणतात. पुण्याची चित्रशाळा १८७८ ला सुरू झाली आणि रविवर्मा प्रेस १८९४ ला मुंबईत, पुढे ती लोणावळ्याजवळ मळवलीला गेली, यांची कामं या जातीची. पण त्यांचा भर देवादिकांवर आणि पुराणातल्या प्रसंगांवर, नुसता निसर्ग म्हटलं की जर्मनीत छापून आलेली प्रिंट असायची शक्यताही तेवढीच धरा.

ठिपके अजिबात नाहीत, नुसत्या रेषा, आणि चित्राच्या बाहेर चारी बाजूंनी कागदात दाबल्याची चौकट बोटाला लागते, तर धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, एन्ग्रेव्हिंग किंवा एचिंग. रेषा खडूसारख्या दाणेदार आणि दाब नाही तर एकरंगी लिथोग्राफ. रंगाचा अगदी बारीक फवारा, जाळी नाही, कडा धूसर, तर इंकजेट, म्हणजे अलीकडचं, मग ते कॅनव्हासवर असो की खडबडीत कागदावर. आणि कितीही मोठं केलं तरी नुसता सलग रंग दिसला तर फोटो आहे, किंवा खरंखुरं हाताने रंगवलेलं जलरंग, आणि तसं असेल तर मजा आहे तुमची.

फोटोवरून एक आठवलं. चाळीसगावचे केकी मूस (१९१२ ते १९८९), स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात आयुष्य काढलेला माणूस, टेबलटॉप फोटोग्राफीसाठी प्रसिद्ध. टेबलावर वस्तू मांडून, उजेड खेळवून अख्खा देखावा उभा करायचा आणि फोटो काढायचा. तेव्हा निसर्गाचा जुना काळापांढरा फोटो हाती आला तर ही जागा कुठली एवढंच विचारत बसू नका, ही जागा खरंच होती का हेही विचारा.

चित्र कुठून कापलंय

हे पटकन आटपतो. वरच्या कडेला पत्र्याची पट्टी बसल्याची खूण किंवा भोकं, आणि खालची कड कात्रीने कापलेली, म्हणजे कॅलेंडर. अशा कॅलेंडरवर जे नाव मोठ्या अक्षरात असतं, जिनिंग फॅक्टरी, ऑइल मिल, कापड दुकान, त्यांचा चित्राशी काही संबंध नसतो, शिवकाशीसारख्या ठिकाणी तयार छापलेली चित्रं घेऊन खाली आपलं नाव छापून घ्यायचे. चित्रकाराची सही असलीच तर चित्राच्या आत, कोपऱ्यात, बारीक. मधोमध घडी आणि स्टेपलची दोन भोकं म्हणजे मासिक किंवा दिवाळी अंक. एका बाजूला शिवणीची भोकं किंवा मागे मजकूर म्हणजे पुस्तक, आणि मागचा मजकूर हा खजिना आहे, त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं अवतरणचिन्हात टाकून सर्च केलं तर कधी कधी थेट पुस्तकच हाती लागतं.

खालची नावं: कोण कोण आहे हे

नवीन माणूस इथेच सगळ्यात जास्त गोंधळतो, म्हणून जरा सावकाश.

जुन्या छापील चित्राच्या खाली डावीकडे एक नाव, उजवीकडे एक, मधे एक असं असतं. त्या नावांच्या मागे लॅटिनची तुटकी अक्षरं असतात. पिंक्स. म्हणजे ज्याने मूळ रंगवलं तो. डेल. म्हणजे ज्याने रेखाटलं तो. स्कल्प. किंवा नुसतं एससी. म्हणजे पत्र्यावर कोरणारा कारागीर. लिथ. म्हणजे दगडावर काढणारा, कधी छापणाराही. इम्प. म्हणजे छापखाना आणि एक्स्क. किंवा पब. म्हणजे प्रकाशक. साधारणपणे डावीकडचा चित्रकार आणि उजवीकडचा कोरणारा, पण या नियमावर डोळे झाकून जाऊ नका, अक्षरं वाचा.

आपल्या शेजारचंच उदाहरण घेऊ. वेरूळच्या लेण्यांचे जुने इंग्रजी देखावे डॅनियलच्या नावाने ओळखले जातात, थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम, त्यांचा भारतातल्या देखाव्यांचा मोठा संच १७९५ ते १८०८ या काळात निघाला, एकूण १४४ चित्रं. पण त्यातली वेरूळची चित्रं जेम्स वेल्सने जागेवर जाऊन काढलेल्या रेखाटनांवरून केलेली आहेत, तो १७९५ लाच वारला आणि थॉमस डॅनियलने पुढे ती पत्र्यावर उतरवली. मग चित्रकार कोण? दोघंही लिहायचे, कुणी काय केलं त्यासकट.

त्याहून गंमत १८३० च्या दशकातल्या पुस्तकांची. रॉबर्ट इलियट नावाचा आरमारातला अधिकारी इकडे फिरून स्केचेस करून गेला, त्यावरून सॅम्युएल प्राउटसारख्या चित्रकारांनी इंग्लंडात बसून पूर्ण चित्रं काढली, मग तिसऱ्या कुणीतरी ती स्टीलच्या पत्र्यावर कोरली आणि लंडनच्या फिशर कंपनीने छापली. प्राउट भारतात कधी आलाच नाही. म्हणून अशा चित्रातल्या झाडांवरून जागा ओळखायला गेलात तर फसाल, माडासारखं काहीतरी दिसेल जिथे माड नाहीतच. अजिंठ्याचंही तसंच, जेम्स फर्ग्युसनची स्केचेस टी. सी. डिब्डिनने दगडावर उतरवली आणि १८४५ ला ती प्रसिद्ध झाली, तुमच्या प्रिंटवर दोन्ही नावं असतील तर दोन्ही बरोबर आहेत.

अजिंठा म्हटलं की आपल्याकडे प्रत्येक जुन्या चित्राला रॉबर्ट गिलचं नाव लावायची हौस आहे. माणूस मोठाच, १८४४ पासून अजिंठ्याची चित्रं उतरवत बसला, त्यातली बरीचशी १८६६ च्या लंडनच्या आगीत जळाली, आणि स्वतः १८७९ ला वारला, कबर भुसावळला आहे. पण म्हणून भुसावळच्या भंगारात मिळालेलं प्रत्येक लेणीचं चित्र गिलचं होत नाही हो.

आधुनिक प्रिंटवर वेगळी पद्धत. चित्राच्या खाली पांढऱ्या जागेत पेन्सिलने उजवीकडे सही आणि डावीकडे १२/५० असा अपूर्णांक असेल तर चित्रकाराने स्वतः काढलेली मर्यादित प्रत, पन्नासातली बारावी. ए.पी. लिहिलं असेल तर त्याने स्वतःसाठी ठेवलेली प्रत. सही खरी पेन्सिलची आहे की छापलेली, ते भिंगाखाली बघा, छापलेल्या सहीतही तेच रंगीत ठिपके दिसतात.

सही वाचणं

सहीचा फोटो काढताना उजेड समोरून नको, टॉर्च बाजूने, जवळजवळ कागदाला टेकवून धरा, खरवडलेली किंवा रंगात बुडालेली अक्षरं उठून येतात. मग फोनमध्ये रंग काढून काळापांढरा करा, कॉन्ट्रास्ट वाढवा. वाचताना एकच शब्द पक्का धरू नका, कागदावर सगळ्या शक्यता लिहा. इंग्रजीतला एस की एल, टी की एफ, मराठीत घ की ध, प की ष.

मराठी चित्रकाराची आद्याक्षरं फुकट माहिती देतात, कारण पहिलं स्वतःचं नाव, दुसरं वडिलांचं, हे ठरलेलं. एस. एल. हळदणकर म्हणजे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२ ते १९६८). आडनाव वाचता आलं आणि आद्याक्षरं पुसट असतील तरी त्या आडनावाचे चित्रकार मोजकेच असतात, 'शिल्पकार चरित्रकोश' नावाच्या मराठी कोशाचा दृश्यकला खंड (चित्रकारांच्या माहितीचा) काढा आणि आडनावावर बोट ठेवून जा. दिवाळी अंकातलं पान असेल आणि देवनागरीत ठसठशीत "दलाल" दिसलं तर दीनानाथ दलाल (१९१६ ते १९७१), तिथे फार डोकं खाजवायची गरज नाही. निळे-जांभळे हिमालय, माणूस कुठे दिसतच नाही, आणि कोपऱ्यात अक्षरं एकमेकांत गुंतवलेली छोटी खूण, तर निकोलस रोरिख (१८७४ ते १९४७) हे नाव आधी तपासा.

सहीच नाही असं असेल तर फ्रेमच्या खाचेत दबलेला अर्धा इंच नीट बघा. तरी नसेल तर नसेल. तिथे उगाच आबालाल रहिमान वगैरे मोठं नाव चिकटवू नका.

चित्रातलं गाव वाचणं

चित्रकार नाही सापडला तरी जागा सापडली तर अर्धं काम झालं. सपाट माथ्याचे, पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर म्हणजे आपला काळ्या दगडाचा प्रदेश. लाल माती आणि उतरती छपरं म्हणजे कोकणाकडे बघा. मातीची सपाट धाब्याची घरं म्हणजे खानदेश, मराठवाडा. मंगलोरी कौलं दिसली तर चित्र १८६५ च्या आधीचं नाही, कारण बासेल मिशनचा कौलांचा कारखाना तेव्हाचा. विजेचे खांब, रेल्वेचा पूल, नदीवरचं धरण, हे सगळं तारखा सांगतं. तापीचं पात्र हतनूरच्या धरणाआधी कसं दिसायचं ते गावातल्या एखाद्या आजोबांना विचारलंत तर ते चित्राकडे बघून काठ कुठला तेही सांगतील कदाचित, लळिंगचा किल्ला किंवा तोरणमाळचं तळं तर तिकडचा माणूस एका नजरेत ओळखतो.

पण निसर्गचित्रकार डोंगर सरकवतात, झाड हलवतात, हे लक्षात ठेवा. किल्ला नदीच्या चुकीच्या बाजूला दिसला म्हणजे जागा दुसरी असं लगेच नाही.

आता लेन्स

एवढं झाल्यावर फोन काढा. काच काढून, उजेडाची चमक येणार नाही असा सरळ फोटो, फ्रेम कापून नुसतं चित्र. गुगल लेन्स, आणि तसंच फोटोवरून शोधणाऱ्या टिनआय, यांडेक्स या साइट्स, तिन्हीकडे टाका, कारण प्रत्येकाचा साठा वेगळा. मग फोटो डावं-उजवं उलटा करून परत टाका. हे बहुतेक लोक करत नाहीत आणि हाच सगळ्यात कामाचा उपाय आहे, कारण पत्र्यावर कोरताना चित्र सरळ उतरवलं की छापल्यावर उलटं येतं, आणि मूळ तैलचित्र तुमच्या प्रिंटच्या आरशातलं रूप असू शकतं. मग नुसता पूल, नुसतं देऊळ, नुसती झाडाची रांग असे तुकडे टाका. पाण्यात उभी असलेली घोड्यांची गाडी आणि बाजूला घर असेल तर ती कॉन्स्टेबलची १८२१ ची हे वेन, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, बिस्किटांच्या डब्यापासून कॅलेंडरपर्यंत सगळीकडे छापली गेलीय. मधून सरळ जाणारा रस्ता आणि दोन्हीकडे उंच सडसडीत झाडं असतील तर होब्बेमाचं १६८९ चं चित्र, तेही तिथेच आहे.

लेन्सने नाव दिलं की ते खरं धरायचं नाही, ते तपासायचं. ब्रिटिश लायब्ररी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, विकिमीडिया कॉमन्स, लिलावांच्या याद्या, यांच्यातल्या नोंदीशी आकार, साल, छपाईची पद्धत जुळते का ते बघा. विकणाऱ्या साइटवरची नावं सगळ्यात बेभरवशाची. हळदणकरांचंच बघा ना, दिवा घेऊन उभी असलेली बाई, मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं चित्र, आजही कितीतरी ठिकाणी राजा रविवर्म्याच्या नावावर खपवलं जातं. हजार जणांनी एकमेकांचं कॉपी केलं तरी ते हजार पुरावे होत नाहीत.

माणसं आणि वाचनालयं

नेटवर नाही सापडलं तर गावातला निवृत्त ड्रॉइंग मास्तर गाठा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना पोरं बसवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या आणि आसपासच्या चित्रकारांच्या सह्या, लकबी, कुणाचं झाड कसं असतं, हे पाठ असतं, आणि स्थानिक चित्रकारांचं तर फक्त त्यांनाच माहीत असतं. "सर, जरा बघाल का" म्हणून गेलात की चहासकट तास-दोन तास मिळतात. कॅलेंडर किंवा दिवाळी अंकाचा संशय असेल तर जळगावचं वल्लभदास वालजी वाचनालय, जुन्या कागदपत्रांसाठी धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ. जाताना मूळ चित्र घेऊन फिरू नका, पुढचा, मागचा, सहीचा, आणि भिंगाखालचा असे चार फोटो, सेंटीमीटरमध्ये नुसत्या चित्राचा आकार, आणि तुम्ही आतापर्यंत काय तपासलं ते दोन ओळीत. "हे कुणाचं आहे सांगा" एवढंच विचारणाऱ्याला कुणी उत्तर देत नाही, आणि "किंमत किती येईल" असं पहिल्याच वाक्यात विचारणाऱ्याला तर अजिबात नाही.

सापडलं, किंवा नाही सापडलं, तर लिहायचं कसं

सही वाचली, आणि तेच चित्र त्याच नावाने भरवशाच्या जागी सापडलं, तर नाव लिहा. नुसती शैली जुळते, तर "यांच्या पद्धतीचं" लिहा, नाव सरळ लावू नका. मूळ चित्र एकाचं आणि छपाई दुसऱ्याची असेल तर "अमुक यांच्या चित्रावरून, छपाई तमुक". काहीच नाही तर "चित्रकार अज्ञात, चार रंगी छपाई, १९७२ नंतर, लेबल भुसावळचं", हीसुद्धा चांगली नोंद आहे, पुढच्या माणसाला इथून पुढे जाता येतं.

ही नोंद चित्राच्या मागे बॉलपेनने लिहायची नाही, पेनाची शाई काही वर्षांनी पुढे उमटते. वेगळ्या कागदावर पेन्सिलने लिहा, पाकिटात घाला, पाकीट नवीन पुठ्ठ्याच्या मागे चिकटवा. जुनं लेबल असलेला पुठ्ठा फ्रेमवाला "सडलाय, फेकतो" म्हणेल, त्याच्या हातातून परत घ्या, आणि काच व चित्र यांच्यामध्ये माउंट (जाड कागदाची चौकट) टाकायला सांगा म्हणजे पुन्हा चिकटणार नाही. आणि चित्र छापून विकायचा, टी-शर्टवर टाकायचा विचार असेल तर आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे किंवा ज्याला दिला त्याच्याकडे असतो, प्रिंट तुमच्या मालकीची आहे म्हणून चित्र तुमचं होत नाही.